हेतलसाठी क्वेश्चन बँक

...वीस हजार. तुम्हाला सांगतो, एकीत वीस हजार प्रश्न आहेत म्हणे, आणि परीक्षेत विचारणार किती, तर तीनशे, मग उरलेल्या एकोणीस हजार सातशे प्रश्नांचं माणसाने करायचं काय, लोणचं घालायचं? पण नाही, कमी घेऊन चालत नाही, कारण दुसरीत बावीस हजार आहेत, आणि तिसरीत प्रश्न कमी पण थेट परीक्षेतले म्हणे, आणि चौथीत... थांबा, चौथीचं नंतर सांगतो, आधी जरा श्वास घेऊ द्या.

तर मी नारू. डहाणूचा. तीस वर्षं तांडेल होतो, बोट माझ्या हातात, सहा खलाशी माझ्या शब्दावर जाळं टाकायचे आणि माझ्या शब्दावर ओढायचे. मग गुडघ्याने दगा दिला, डॉक्टर म्हणाला आता जमिनीवर राहा. जमिनीवर राहून माणूस करणार काय? बायको शांती, ती सुकी मासळी विकते, मला मासळीला हात लावू देत नाही, म्हणते तुम्ही वाळत घातलेले बोंबील एका रांगेत नसतात. आता बोंबील काय शाळेची पोरं आहेत का रांगेत उभी राहायला? जाऊ दे. आणि आमची मुलगी हेतल. हेतल डॉक्टर झाली. म्हणजे झाली आणि नाही झाली.

कसं ते सांगतो. पोरगी सहा वर्षं किर्गिझस्तानात शिकली. कुठे आहे ते मला विचारू नका, मी तीस वर्षं ताऱ्यांवर दिशा ओळखली, पण तो देश मला अजून नकाशात पटकन सापडत नाही, समुद्रच नाही त्याला. ज्या देशाला समुद्र नाही तिथे माझी पोर जेवते काय, असं शांती सहा वर्षं रोज विचारायची. पोर शिकली, टोपी घातलेला फोटो आला, आम्ही तो मोठा करून भिंतीवर लावला. आणि मग कळलं की बाहेरून शिकून आलेल्याला इथे एक परीक्षा द्यावी लागते, तीनशे प्रश्न, निम्मे बरोबर आले पाहिजेत, दीडशे. ती पास होईपर्यंत इंजेक्शन द्यायचं नाही, गोळी लिहून द्यायची नाही, डॉक्टर म्हणायचं नाही. पहिल्या वेळी एकशे अडतीस. दुसऱ्या वेळी एकशे शेहेचाळीस. चार मार्क हो. चार.

आता गावाला हे कोण समजावणार? पोरगी दूध आणायला निघाली की कोणी ओट्यावरून हात पुढे करतो, जरा नाडी बघ गं, कोणी पायाची सूज दाखवतो, आणि ही म्हणते, काका, दवाखान्यात दाखवा. लोक म्हणायला लागले, सहा वर्षं शिकून हिला हेच येतं. मग तिने दूध आणायचं बंद केलं. मग बाहेर निघायचंच बंद केलं. खोलीत बसायची, दार लावून. आम्ही म्हणायचो, अभ्यास करते.

आता बापाने काय करायचं? मला डॉक्टरकीतलं काही कळत नाही, दहावी शिकलेलो मी, इंग्रजी वाचतो पण एकेक अक्षर गळाला लावून. म्हटलं, अभ्यास तिचा तिने करावा, पण वस्तू तरी चांगली आणून द्यावी. जाळं घ्यायचं असलं की मी चार बंदरं फिरून यायचो, गाठ बघायचो, डोळा म्हणजे जाळ्याचं भोक मोजायचो, वापरलेल्याला विचारायचो. तसंच हे. एक दिवस तिलाच विचारलं, तुला काय कमी पडतं? ती म्हणाली, सगळे क्वेश्चन बँक वापरतात, मोबाईलवर हजारो प्रश्न सोडवायला. बस्स. मला दिशा मिळाली.

आता माझं काय चुकलं, सांगा.

पहिल्यांदा गेलो कासाला. रानशेतच्या चैत्याचा मुलगा धनेश, तोही बाहेरूनच शिकून आलेला, तो पास होऊन आता तिथल्या सरकारी दवाखान्यात लागलाय. चैत्या शांतीचं जुनं गिऱ्हाईक, कासाच्या बाजारात वीस वर्षं तिच्याकडून बोंबील नेतो. एसटीने चारोटी, तिथून जीपमध्ये एका पायावर, गुडघा दुसऱ्याच कुणाच्या तरी पिशवीवर. धनेश बिचारा रांगेतले पेशंट संपवून बाहेर आला, मला चहा पाजला, आणि एक नाव सांगितलं. मी घेतलीसुद्धा. म्हणजे दीपेशने मोबाईलवर घेऊन दिली. दीपेश माझा भाचा, तलासरीला मोबाईलचं दुकान आहे त्याचं, नाव हेतलचं, नंबर माझा टाकला, कारण हेतल म्हणाली होती तिच्या फोनवर कसले मेसेज नकोत. घरी येऊन मोठ्या ऐटीत सांगितलं, धनेश डॉक्टर हीच करून पास झाला.

हेतल म्हणाली, "ठेवा. बघते."

मला बरं वाटलं. पण आठच दिवसांत दीपेशचा फोन. मामा, त्याच्याहून चांगली आलीय, बावीस हजारवाली, दिल्लीची मुलं हीच करतात. मी म्हटलं, अरे पण धनेश... तर म्हणतो कसा, "मामा, धनेशभाई केव्हा पास झाला, तेव्हाचा सिलॅबस आणि आताचा सिलॅबस, मामा, तू कुठल्या जमान्यात आहेस, आता सगळं क्लिनिकल आहे, क्लिनिकल." क्लिनिकल म्हणजे काय ते त्यालाही माहीत नव्हतं, त्याने गिऱ्हाइकाकडून ऐकलं होतं. पण शब्द असा टाकला की मला वाटलं मी पोरीला फाटकं जाळं देऊन समुद्रात पाठवतोय. घेतली दुसरी.

हेतल म्हणाली, "ठेवा. बघते."

मग तिसरी. तिसरी टेलिग्रामवरची. त्याला म्हणे आठवणीतले प्रश्न म्हणतात. परीक्षा देऊन बाहेर आलेली पोरं जे आठवेल ते लिहून काढतात. आता तुम्ही सांगा, घाबरून बाहेर पडलेल्या पोराला काय आठवणार? एक प्रश्न असा होता, 'एक माणूस होता, त्याला काहीतरी झालं होतं, फोटो होता, उत्तर बहुतेक सी.' तुम्हाला सांगतो, शपथेवर, हा प्रश्न मी स्वतः वाचलाय. आणि खाली दोनशे लोकांनी थँक यू लिहिलं होतं.

मग मी म्हटलं, असं चालणार नाही, माल तपासूनच घ्यायचा. पण तपासायचा कसा? मला वैद्यकीतलं एकच येतं. शिंगाळा. शिंगाळा मासा माहीत आहे ना, त्याचा काटा हातात घुसला की माणूस आकाशातले सगळे देव आठवतो. त्याला काय करायचं, हात कढत पाण्यात बुडवायचा, सोसवेल इतक्या कढत, विष उतरतं, मग दवाखाना. आमच्या किनाऱ्यावर पोरासोरांना येतं हे. मग मी ठरवलं, ज्या बँकेत शिंगाळ्याचा काटा असेल आणि उत्तर बरोबर असेल, ती खरी. धनेशवाल्या पहिलीत शोधला, नाही. दिल्लीवालीत साप सापडले, विंचू सापडला, एक जेलीफिश सापडली, शिंगाळा नाही. टेलिग्रामवर मीच प्रश्न टाकला, शिंगाळ्याचा काटा लागला तर काय करावं, तर तिघांनी विचारलं, हा कोणत्या वर्षी आला होता?

आणि चौथी, जिचं सांगत होतो. चौथीत एक सर आहेत, ते व्हिडिओत प्रश्न सांगता सांगता ओरडतात. म्हणजे शिकवतात, पण ओरडून. "याद रखना, एक्झाम में यही आयेगा," असं दर प्रश्नाला म्हणतात. मी एकदा अंगणात लावलं तर आमची मांजर दोन दिवस घरी आली नाही. पण त्या चौथीत शिंगाळा होता. उत्तर गरम पाणी. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं राहिलं. तीही घेतली. धावत, म्हणजे माझा गुडघा जितका धावतो तितकं, हेतलच्या दाराशी गेलो, म्हटलं, सापडली, यात शिंगाळा आहे.

आतून आवाज आला, "ठेवा पप्पा. बघते."

शांती म्हणाली, पोरीला परीक्षा द्यायचीय की मासळी बाजार भरवायचाय? बाई माणसाला वस्तूची पारख... जाऊ दे, ती ऐकतेय आतून.

तर असे दोन महिने गेले. परीक्षेला दोन महिने राहिले. एक दिवस सकाळी मी किनाऱ्यावर बसलो होतो, बोटी लागल्या होत्या, आणि फोन वाजला. मेसेज. इंग्रजीत. एकेक अक्षर लावून वाचला. 'हेतल, वी मिस यू.' मी म्हटलं, ही कोण बाई माझ्या पोरीची आठवण काढते? तेवढ्यात दुसरा आला, त्यावर पहिल्या बँकेचं नाव. 'हेतल, इट हॅज बीन सिक्स्टी डेज.' मग ओरडणाऱ्या सरांचाही आला, तेही आठवण काढत होते. मी तसाच उठून तलासरीला दीपेशच्या दुकानात गेलो. त्याने माझ्या फोनवरून एकेक उघडून दाखवली. पहिली, सोडवलेले प्रश्न शून्य. दुसरी, शून्य. चौथी, शून्य. दीपेश एरवी बोलका माणूस. नुसता फोन माझ्या हातात परत ठेवला.

परत येताना एसटीत मला काय काय वाटलं ते सांगत नाही. राग आला, खोटं कशाला बोलू. मी गुडघा धरून चार बंदरं फिरतोय आणि ही आत बसून करते काय? घरी आलो, दार वाजवलं, पहिल्यांदाच न विचारता आत गेलो.

ती पलंगावर बसली होती. मांडीवर पुस्तक. तिसरंच पान उघडलेलं. पुस्तक जाडजूड, आणि तिसरंच पान. त्या पानाचा कोपरा बोटांनी मऊ झाला होता, नोटेसारखा.

मी फोन पुढे धरला. तिने बघितलं. आणि म्हणाली, "पप्पा, चुकलं की ते लाल होतं. पूर्ण पडदा लाल. मी दोनदा नापास झालेय, मला आता लाल बघवत नाही."

एवढंच. रडली नाही काही नाही. शांतपणे सांगितलं, जसं पेशंटला सांगतात.

समुद्रात असतो तर सुचलं असतं. वारा फिरला तर काय करायचं, इंजिन बंद पडलं तर काय करायचं, सगळं येतं मला. पोरगी लालला घाबरली तर काय करायचं, हे कोणत्या बंदरावर विचारू? राग कुठे गेला तेही कळलं नाही. मी तिच्या शेजारी बसलो. हातात फोन होता, तो चालूच होता, कुठली बँक उघडी होती तेही बघितलं नाही, मी आपला वरचा प्रश्न वाचायला लागलो. मोठ्याने. एक उंच, सडपातळ तरुण, सिगारेट ओढणारा, अचानक छातीत दुखतं, दम लागतो, काय झालं? चार उत्तरं. मी म्हटलं, हार्ट अटॅक. दाबलं.

लाल.

पूर्ण पडदा लाल झाला, खरंच, मिरची पूड सांडल्यासारखा. तिने मान फिरवली. मी म्हटलं, "अगं बघ तरी, हे माझं लाल आहे, तुझं नाही. मला कोण नापास करणार?"

तिने बघितलं. मी म्हटलं, मग काय झालं होतं त्याला? खाली आलेलं बरोबर उत्तर वाचलं, प-न्यू-मो-थो-रॅक्स. ती म्हणाली, "न्यूमो. पी मुका आहे, पप्पा." मी म्हटलं, मुका आहे तर लिहिला कशाला? आणि तुम्हाला सांगतो, सहा महिन्यांत पहिल्यांदा ती पोर हसली. हसली आणि सांगायला लागली. फुप्फुसाला बारीक भोक पडतं, हवा बाहेर पडते आणि छातीतच अडकते, फुप्फुस दबून बसतं. मी म्हटलं, म्हणजे फळी फुटून बोटीत पाणी भरतं तसं, इथे हवा भरते. ती म्हणाली, तसंच. मग उपसायची? ती म्हणाली, नळी घालून काढायची. मी म्हटलं, हे मला कळलं. खरंच कळलं हो.

मग दुसरा प्रश्न. लाल. तिसरा. लाल. त्या दिवशी मी एकवीस प्रश्न चुकवले, आणि एकविसाच्या एकवीस तिने मला समजावून सांगितले, आणि एकही तिला अडला नाही.

मग तेच सुरू झालं. रोज सकाळी नाश्ता झाला की अंगणात, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या सावलीला खाट टाकायची, मी वाचायचं, मी दाबायचं, लाल माझ्या नावावर, समजावणं तिचं. मला कळेपर्यंत पुढे जायचं नाही असा नियम केला, आणि मी काही लवकर कळणारा माणूस नाही, त्यामुळे तिला एकेक गोष्ट तीन तीन प्रकारे सांगावी लागायची. किडनी तिने मला गाळणीने समजावली, मेंदूच्या शिरा वायरिंगने. शांती बाजूला मासळी निवडत बसायची, वर न बघता मध्येच बोलायची. एकदा प्रश्न आला, लहान पोरगी माती खाते, तिला काय कमी आहे? मी विचार करतोय, करतोय... शांती म्हणाली, रक्त कमी आहे, लोह द्या. मी तेच दाबलं. हिरवं! मी आयुष्यात कधी एवढा अपमानित झालो नव्हतो.

आणि एक दिवस फोन आला. त्या क्वेश्चन बँकेच्या ऑफिसातून, मुलगी गोड आवाजात हिंदीत बोलते, "सर, हेतलजी की परफॉर्मन्स के बारे में बात करनी थी। सर, शी इज इन द लास्ट टू परसेंट, ऑल इंडिया। सर, क्या वो घर पे किसी टेन्शन में हैं?" मी म्हटलं, बेटा, वो मैं हूँ। ती म्हणाली, जी? मी म्हटलं, जवाब मैं देता हूँ, मैं मच्छीमार हूँ। फोनमध्ये कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग म्हणाली, सर, आपके लिए हमारा फाउंडेशन कोर्स भी है।

महिना असा गेला. मग एका सकाळी मी बोट पुढे केलं दाबायला आणि हेतलने माझा हात धरला. म्हणाली, थांबा, हा मी दाबते. दाबला. लाल झाला. तिने खालचं बरोबर उत्तर वाचलं, मग म्हणाली, हां, पोटॅशियम वाचायचं राहिलं माझं. आणि पुढचा प्रश्न घेतला. मी हळूच उठलो आणि शांतीला मासळी निवडू लागायला गेलो. त्या दिवशी शांतीने मला मासळीला हात लावू दिला.

परीक्षा झाली. निकाल लागला. एकशे एकसष्ट. हेतलने आकडा दाखवला आणि आधी आईच्या गळ्यात पडली, ते ठीक आहे, मला चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः दूध आणायला गेली आणि पाऊण तासाने आली, वाटेत आठ जणांच्या नाड्या बघून. म्हटलं, अगं अजून इंटर्नशिप आहे. म्हणाली, नाडी बघितली नुसती, गोळी नाही दिली.

आता ती ठाण्याला आहे, इंटर्नशिपला. घर शांत आहे. आणि मला वाटलं होतं, आपलं काम संपलं. पण कसलं संपतंय. गल्लीतल्या हिराबाईचा प्रवीण जॉर्जियाहून शिकून आलाय, त्यालाही तीच परीक्षा. हिराबाई आली, पाट घेऊन समोर बसली, म्हणाली, नारूभाऊ, कुठली घेतली होती? मी सगळं सांगितलं, अगदी आत्ता तुम्हाला सांगितलं तसं. म्हटलं, कुठलीही घे, पण पोराच्या समोर तू बस. तुला काही येत नाही ते चांगलंच आहे. लाल तू घे, समजावू दे त्याला. तिने सगळं नीट ऐकलं, चहा घेतला, हो हो म्हणाली, आणि कप ठेवायच्या निमित्ताने आत गेली. आत जाऊन शांतीला हळूच विचारते, "वहिनी, भाऊ काही सांगत नाहीत. खरी कुठली होती गं?"

शांतीच्या हातात मासळी, चुलीवर भात. ती म्हणाली, निळी होती बघ.

निळी. आमच्या घरात एकही निळी नव्हती. मी नंतर विचारलं, निळी का म्हणालीस, तर म्हणते, भात करपत होता.

परवा मसोलीला झेरॉक्स काढायला गेलो, तर दुकानात काउंटरवर निळ्या कव्हरच्या पुस्तकांची चळत. मी म्हटलं, हे काय? दुकानदार म्हणाला, काका, डॉक्टरकीची क्वेश्चन बँक आहे, फार चालतेय, डहाणूची एक मुलगी हिच्यावर पास झाली. मी पुस्तक उघडून चार पानं चाळली. दुकानदाराच्या तोंडाकडे बघितलं. मागे दोघं उभे होते, त्यांनाही तीच हवी होती.

मी खिशात हात घातला. म्हटलं, दे एक.